ह्युमिडॉर: बंदरावरची पेटी टेबलावर कशी आली

ऑफिसच्या टेबलासाठी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ओलसर ठेवणारी पेटी, घ्यायचा म्हटलं की नजर आधी झाकणावर जाते. अक्रोडाच्या रेषा, पितळी कुलूप, लॅकरची चकाकी. सिगार टिकते ती मात्र आतल्या पाच-सहा मिलिमीटरच्या, पॉलिश न केलेल्या फळीमुळे. ही फळी पेटीत शिरली ती हवानाच्या बंदरावर, माल पाठवायच्या सोयीसाठी. शोभेचा विचार त्यानंतरचा.

क्यूबात पूर्वी सिगारच्या पन्नासांच्या जुड्या रिबिनीने बांधायचे. अशा जुडीला 'मेदिया रुएदा' म्हणतात. जुड्या मोठ्या खोक्यांत भरून जहाजावर चढत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हवानाचे कारखाने छोट्या लाकडी पेट्या भरू लागले, आणि १८६० च्या दशकात यादवी युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकेने सिगारवर कर बसवल्यावर पेटीला कायद्याचंच बळ मिळालं: ठरावीक नगांची पेटी आणि तिच्यावर कराचा कागदी शिक्का. २५ आणि ५० नगांची पेटी आजही चालते.

पेट्यांचं लाकूड होतं 'स्पॅनिश सीडर'. नावावर जाऊ नका. हे झाड स्पेनचं नाही आणि आपल्या देवदाराच्या कुळातलं तर मुळीच नाही. सेद्रेला ओदोराता हे त्याचं शास्त्रीय नाव. कडुनिंब, मोहॉगनी आणि आपल्याकडचा तून हे त्याचे भाऊबंद. तुनाला तर वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी सेद्रेलाच्याच प्रजातीत धरत. लाकूड हलकं, कापायला सोपं, वास गोडसर. ओल भरपूर पितं आणि सावकाश सोडतं, तरी फारसं वाकत नाही. किडीलाही त्याचा वास रुचत नाही, पण ते कीड मारतं ही समजूत खोटी. खऱ्या सीडरच्या किंवा पेन्सिलीच्या लाकडाचं अस्तर घातलं, तर त्याचं तेल महिन्याभरात सिगारच्या चवीत उतरतं. सागाचाही तोच धोका. साग बाहेरून लावा, आत नको.

पेटी घरात आली तेव्हा तिच्यावर काही चुकीचे प्रयोग झाले. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तांब्याचं किंवा दुधी काचेचं अस्तर असलेली कपाटं आणि स्टँड निघाले. जुन्या बाजारात ते अजून दिसतात आणि दिसायला सुरेखच असतात. पण धातू ओल पीत नाही. ती पत्र्यावर थेंब होऊन बसते आणि खालच्या थरातल्या सिगारना बुरशी धरते. पाइपच्या तंबाखूला असा डबा चालतो, सिगारला नाही.

लंडनची अडचण वेगळी होती. दमट हवानातली सिगार शेकोटीने तापवलेल्या कोरड्या खोलीत आली की वरचं पान तडकायचं. म्हणून मोठा साठा दुकानदाराकडेच ठेवायची रीत पडली. आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान थाटलं. तिथे गिऱ्हाइकांच्या सिगार जपून ठेवल्या जात. टेबलावरच्या पेटीत फक्त लागतील तेवढ्या. डेस्क ह्युमिडॉर २५ ते ५० नगांचाच का, याचं उत्तर या रिवाजात आहे. ती कोठी नव्हती, कोठीतून रोज आणलेल्या मालाची डबी होती. पुढे पेटीच भेटवस्तू झाली. विनोदी नट मिल्टन बर्ल यांनी जॉन केनेडींना १९६१ च्या शपथविधीनिमित्त दिलेला अक्रोडाचा ह्युमिडॉर १९९६ मध्ये सदबीजच्या लिलावात ५,७४,५०० डॉलरला गेला. ही किंमत झाकणावरच्या पट्टीतल्या नावांची.

'७०-७०' हा प्रसिद्ध नियम, म्हणजे ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश फॅरनहाइट (साधारण २१ सेल्सिअस), याच थंड, कोरड्या घरांतला. हल्ली बरेच जण ६५ ते ६९ टक्केच पसंत करतात. सिगार सरळ जळते. मुंबईच्या ऑफिसात हिशेब आणखी बदलतो. दिवसा एसीमुळे हवा कोरडी, रात्री एसी बंद झाला की जुलैत आर्द्रता ८५ च्या वर. इथे पेटीला दोन्ही बाजूंनी लढायचं असतं, त्यामुळे सगळा भार झाकणाच्या बसणुकीवर येतो.

ती दुकानातच तपासा. झाकण पाच-सहा सेंटिमीटर उचलून सोडा. आपटलं तर फट आहे. आतली हवा दाबत शेवटचा सेंटिमीटर सावकाश बसलं तर काम चोख. मग कागदाची पट्टी झाकणात धरून चारही बाजूंनी ओढा, सगळीकडे सारखा अडथळा लागला पाहिजे. पेटीत मोबाइलचा टॉर्च लावून झाकण मिटलं की उरलेल्या फटी अंधारात दिसतात. काचेच्या झाकणाने पेटी खुलते, पण काच आणि चौकटीच्या सांध्यातूनच गळती होते. ते घ्यायचंच असेल तर खिडकीपासून लांब ठेवा.

बाहेरून एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर) व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आहे म्हणून नाक मुरडू नये. आत ७० आणि बाहेर ४० टक्के ओल असताना भरीव शिसवाची रुंद फळी आडव्या अंगाने फुगते-आकसते आणि कोपरे उघडतात. एमडीएफ जागचं हलत नाही, म्हणून चांगले कारागीरही ते वापरतात. अस्तराकडे मात्र बारकाईने बघा. कागदाइतकं पातळ व्हिनियर ओल साठवू शकत नाही. आत वॉर्निश किंवा डिंकाचा वास आला तर पेटी परत द्या. नव्या सीडरवर कधी चिकट राळेचे थेंब येतात. ते ॲसिटोनच्या बोळ्याने पुसा, हलकी घासणी करा आणि वास उडेपर्यंत पेटी उघडी ठेवा. लिहिलेली क्षमता बहुधा बारीक सिगारची असते. ५० रिंगची सिगार, म्हणजे ५०/६४ इंच (जवळपास २० मिलिमीटर) जाडीची, ठेवणार असाल तर गरजेच्या दीडपट आकडा बघा.

पेटी आणल्या दिवशी भरू नका. कोरडं लाकूड सिगारमधलीच ओल ओढून घेईल. बशीत डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेला नवा स्पंज ठेवून झाकण लावा आणि आठवडा ते दोन आठवडे थांबा. ओल्या फडक्याने आतून पुसायची जुनी शिफारस सोडून द्या, तंतू उभे राहतात आणि फळी वाकते. नळाच्या पाण्यातले क्षार स्पंज बुजवतात.

आर्द्रतामापक आधी तपासा, मगच त्यावर भरवसा ठेवा. स्वयंपाकघरातलं मीठ त्याला कामी येतं. मिठाचा ओला लगदा बंद जागेत हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर धरून ठेवतो; पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं त्यामागेही हाच आकडा. बाटलीच्या बुचात बारीक मीठ घ्या, जेमतेम ओलं करा आणि मापकासोबत झिपच्या पिशवीत २४ तास बंद ठेवा. काटा ७१ दाखवत असेल तर मापक ४ ने कमी दाखवतो. खडे मीठ नको, त्यातलं मॅग्नेशियम आकडा बिघडवतं.

ओल पुरवायला पूर्वी फुलवाल्यांच्या हिरव्या फोममध्ये पाणी आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल निम्मं-निम्मं घालत. पेटीची हवा कोरडी असेल तर ते चालतं, जुलैत ओल परत शोषून घ्यायला कमी पडतं. बोवेडासारखी क्षारद्रावणाची पाकिटं ओल देतात आणि घेतातही. २५ सिगारमागे ६० ग्रॅमचं एक, पावसाळ्यात ६५ टक्क्यांचं. पाकीट फुगून आतलं द्रावण पातळ झालं तर दोष झाकणाचा.

उरला तंबाखूचा किडा, लॅसिओडर्मा. अंडी पानातच असू शकतात आणि २४ अंश सेल्सिअसच्या वर उबायची शक्यता वाढते. एसी बंद असलेला एप्रिलमधला एक शनिवार-रविवार पुरतो. सिगारवर टाचणीएवढं गोल भोक दिसलं की सगळ्या सिगार दुहेरी पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस उणे १८ ते २० अंशांच्या फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये. फ्रिजची पायरी गाळली तर पान फाटतं.

२ ऑक्टोबर २००८ पासून आपल्याकडे कामाच्या जागी धूम्रपानाला बंदी आहे, तेव्हा ऑफिसातली पेटी ही निव्वळ साठवण. ॲशट्रे आणि कटरच्या कप्प्यांत जागा घालवणारी मॉडेलं बाजूला ठेवा. पेटी क्वचित उघडते हे पथ्यावरच पडतं, पण पंधरवड्यातून एकदा झाकण उघडून हवा खेळू द्या आणि खालच्या सिगार वर घ्या.