३३० नंबरचा बागुलबुवा
ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा ‘घातक’ खाद्य-रसायनांची ती यादी पुन्हा आली: ‘आयएनएस ३३० सर्वांत घातक, कॅन्सर होतो.’ आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थांत मिसळायच्या घटकांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक; जॅम-सरबतांच्या लेबलवरचं हे ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिंबाच्या रसात ते साधारण ५-६ टक्के असतंच! यादी मूळची फ्रान्सची, १९७६ च्या सुमाराची; पॅरिसजवळच्या व्हिलज्वीफच्या कर्करोग रुग्णालयाचं नाव तिला चिकटवलेलं. रुग्णालयाने ‘ही आमची नाही’ म्हणून सांगितलं, तरी ती फिरतेच आहे. घोळ बहुधा नावाचा. पेशी अन्नातून ऊर्जा मिळवतात ते सायट्रिक ॲसिड चक्र (‘क्रेब्ज चक्र’) हान्स क्रेब्ज या शास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये मांडलं, आणि जर्मनमध्ये ‘क्रेब्ज’ म्हणजे खेकडा, तसाच कर्करोगही. (आपला ‘कर्क’ तरी वेगळा कुठे?) आंबट पेयं सतत पीत राहिल्यास दातांचं एनॅमल झिजतं, तेवढं मात्र खरं.