सावली कोणाची आहे ते आधी बघा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, इथे ऊन जेमतेम तीन तास, भाजीचा नाद सोडा. अहो पण सावली भिंतीची की झाडाची, ते तर बघा! गेल्या नोव्हेंबरात मी पालकाचे दोन ट्रे लावले, माती तीच, बी एकाच पाकिटातलं, एक पांढऱ्या कंपाउंड वॉलच्या सावलीत आणि दुसरा आंब्याखाली. भिंतीकडचा बुटका पण पानं छान रुंद, आंब्याखालचे देठ नुसते लांबच लांब, टोकाला अंगठ्याएवढं पान आणि सगळं आडवं पडलेलं. युरिया घाला म्हणाले शेजारचे काका. पण ती भूक नव्हतीच.

होतं काय, पान उन्हातला लाल उजेड (६६० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबीचा) शोषून घेतं आणि त्याच्या पुढचा अतिलाल, ७३० वाला, बराचसा खाली सोडून देतं. भिंत अशी निवड करत नाही, तिच्या सावलीत उजेड कमी पण दोघांचं प्रमाण बरंचसं उन्हासारखंच. आणि हे प्रमाण रोपाला कळतं! त्याच्यात फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं, लाल उजेडाने ते चालू होतं आणि अतिलालने परत बंद. १९५२ मध्ये अमेरिकेत बोर्थविक आणि हेंड्रिक्स या शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्या बियांवर दोन्ही झोत आलटूनपालटून मारले, कितीही वेळा मारा, शेवटचा लाल असेल तर बी रुजायचं, अतिलाल असेल तर बहुतेक नाहीच. चालू फायटोक्रोम उंचीच्या वाढीला लगाम घालतं, झाडाखाली तो सुटतो, ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक वाढतं आणि रोप पानं सोडून उंचीच्या मागे लागतं, कारण त्याच्या हिशेबाने वर कोणीतरी ऊन खातंय.

पाळीतल्या बाईच्या सावलीने तुळस जळते असं अजून घराघरात मुलींना ऐकवतात, फार राग येतो. क्षणभराच्या सावलीने रोपाला काहीही होत नाही.

टोमॅटो, वांगी, भेंडीला मात्र सहा तास ऊन हवंच, फळ भरायला साखर लागते. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, दक्षिणेची बाल्कनी तेव्हा उन्हाविना जाते आणि हिवाळ्यात मात्र ऊन आतपर्यंत येतं. टोमॅटो तिथे, ऑक्टोबरात लावा. पालक, मेथी, कोथिंबीर भिंतीकडे, दाटी न करता, कारण शेजारचं रोपही अतिलाल परतवतं.

आंब्याखाली आता अळू आहे. त्याला झाडाची सावली मानवते, पानं सुपाएवढी झालीयेत.