जिंकणाऱ्याला कमी वारा

2023 च्या फॉर्म्युला वन हंगामात 22 पैकी 21 शर्यती रेड बुलने जिंकल्या. त्यांच्या एकट्या मॅक्स व्हेरस्टॅपनचे गुण होते 575. टीमच्या यादीत दुसऱ्या आलेल्या मर्सिडीजच्या दोन्ही ड्रायव्हरांचे मिळून 409. तेव्हापासून ‘एकच टीम जिंकणार असेल तर स्पर्धा कसली?’ हे इतक्यांदा ऐकू येतं, की ते सिद्ध झाल्यासारखंच वाटू लागलं आहे. ते अर्धंच खरं आहे.

1988 मध्ये मॅक्लारेनने 16 पैकी 15 शर्यती जिंकल्या, तरी त्यांच्याच दोन ड्रायव्हरांपैकी सेना की प्रॉस्ट हे ठरायला शेवटून दुसरी शर्यत उजाडली. 2016 मध्ये मर्सिडीजने 21 पैकी 19 जिंकल्या आणि शेवटच्या शर्यतीनंतर रॉसबर्ग 385, हॅमिल्टन 380 असा हिशेब लागला. एका टीमने बाकीच्यांना धुवून काढलं तरी तिच्या दोन गाड्यांत झुंज असेल तर हंगाम जिवंत राहतो. 2023 मध्ये दुसऱ्या रेड बुलमधला पेरेझ 290 गुणांनी मागे होता, म्हणून तो हंगाम निष्प्राण वाटला. आपल्याकडे ग्रेटर नोएडाला 2011 ते 2013 अशा तीन शर्यती झाल्या आणि तिन्ही व्हेटेलने रेड बुलमधून जिंकल्या. फॉर्म्युला वनमध्ये त्या ट्रॅकने दुसरा विजेता पाहिलेलाच नाही.

स्पर्धेला खरी इजा होते ती मागे पडलेल्यांचे हात नियमांनीच बांधले जातात तेव्हा. 2014 ला नवी हायब्रिड इंजिनं आली. टर्बोमध्ये धुराच्या झोताने फिरणारं टर्बाइन आणि इंजिनात हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर सहसा शेजारी असतात. मर्सिडीजने कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढच्या टोकाला आणि टर्बाइन मागच्या टोकाला नेलं आणि सिलिंडरांच्या दोन रांगांच्या ‘व्ही’च्या पोटातून जाणाऱ्या लांब दांड्याने ते जोडले. तापलेलं टर्बाइन दूर गेल्याने कॉम्प्रेसर थंड राहिला, हवेच्या नळ्या आखूड झाल्या. ही युक्ती लवकरच सगळ्यांना कळली. पण इंजिनात बदल करायला ‘टोकन’ लागायची, म्हणजे प्रत्येक बदलासाठी मोजून दिलेले परवाने. अख्ख्या इंजिनाची मिळून 66 टोकन, त्यातली 2015 साठी वापरता येणार होती 32. चूक कुठे आहे ते दिसतंय, पण दुरुस्त करायला परवानगी नाही! 2017 ला ही पद्धत रद्द झाली. मर्सिडीजने 2014 पासून 2021 पर्यंत सलग आठ वेळा टीमचं विजेतेपद मिळवलं. त्याला इतरही कारणं होती, पण सुरुवातीची आघाडी टोकनांनी गोठवली.

आता याच्या नेमका उलटा नियम पाहा. तो मला या खेळातला सर्वांत सुंदर नियम वाटतो. गाडीचा आकार विंड टनेलमध्ये, म्हणजे वातबोगद्यात, घडतो. वर्षाचे सहा कालखंड पाडले आहेत, आणि दर कालखंडात मूळ कोटा 320 ‘रन’चा. पंखा सुरू करायचा, मॉडेलखाली पोलादी पट्टा पळवायचा, मॉडेल वर-खाली, तिरकं करत बलं मोजायची, पंखा बंद करायचा: हा एक रन. 2022 पासून आदल्या वर्षीच्या पहिल्या टीमला कोट्याच्या 70 टक्के मिळतात, पुढच्या प्रत्येक क्रमांकाला 5 टक्के जास्त, दहाव्याला 115. म्हणजे विजेत्याला 224 रन आणि शेवटच्याला 368. संगणकावरच्या प्रवाह-गणितालाही हेच प्रमाण. 1 जुलैला चालू क्रमवारीप्रमाणे वाटप बदलतं.

रन इतके मोलाचे का? मॉडेल खऱ्या गाडीच्या जास्तीत जास्त 60 टक्के असू शकतं आणि वारा सेकंदाला 50 मीटरच्या वर नेता येत नाही. हवा पृष्ठभागाला चिकटून वाहील की सुटेल, हे बरंचसं रेनॉल्ड्स अंकावर ठरतं. हा अंक वेग आणि लांबी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. 0.6 गुणिले 50 म्हणजे 30, आणि सेकंदाला 30 मीटर म्हणजे ताशी 108 किलोमीटर. थोडक्यात, टनेल कितीही जोरात चालवलं तरी ते 108 च्या वेगाने जाणाऱ्या खऱ्या गाडीइतकंच सांगतं. ट्रॅकवर गाडी 300 ओलांडते. मधली दरी अनुभवाने भरायची असते. शुक्रवारच्या सरावात गाडीवर हिरवा रंग फासलेला आणि चाकांमागे नळ्यांची जाळी लावलेली दिसते, ती टनेल आणि ट्रॅक यांच्या आकड्यांचा मेळ घालण्यासाठी. मेळ फसला तर काय होतं ते 2022 च्या मर्सिडीजने दाखवलं. टनेलमध्ये मॉडेल खांबावर घट्ट धरलेलं असतं, ते आपसूक उसळत नाही. खरी गाडी सरळ रस्त्यावर उड्या मारू लागली.

काही देशांतल्या टूरिंग कार, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांच्या, स्पर्धांत विजेत्याच्या गाडीत वजन घालतात. ब्रिटनमध्ये ते 75 किलोपर्यंत जायचं. फॉर्म्युला वनमध्ये साधारण 10 किलोने लॅपला 0.3 सेकंद जातात, म्हणजे वजन घातलं की आजचाच निकाल हलतो. वाऱ्याची कपात आजच्या शर्यतीला हात लावत नाही, उद्याच्या गाडीला लावते. हे जास्त न्याय्य आहे. पण म्हणूनच ती हळू चालते: खर्चमर्यादा मोडल्याबद्दल रेड बुलची आणखी दहा टक्के कपात 2022 च्या ऑक्टोबरला झाली, आणि तरी 2023 चा हंगाम त्यांचाच.

त्या वर्षी फक्त सिंगापूरला रेड बुल हरली. वेगात वाकणाऱ्या लवचिक पंखांना आळा घालणारा नवा आदेश तिथूनच लागू झाल्याने ‘गुपित पकडलं’ अशी आवई उठली. आठवडाभरात सुझुकात व्हेरस्टॅपन 19 सेकंदांनी जिंकला. सिंगापूरचा खडबडीत, हळू वळणांचा रस्ता जमिनीलगत धावणाऱ्या त्या गाडीला मानवला नव्हता, एवढंच. एका निकालावरून कट शोधणं आणि बंपरला लिंबू-मिरची बांधणं यांत मला फरक दिसत नाही.

2023 च्या पूर्वार्धात मॅक्लारेनला 90 टक्के, म्हणजे 288 रन होते. रेड बुलला जेमतेम 200. 2024 मध्ये सात ड्रायव्हरांनी किमान दोन-दोन शर्यती जिंकल्या आणि मॅक्लारेन 1998 नंतर प्रथमच टीम-विजेती ठरली. 2025 चं ड्रायव्हरांचं विजेतेपद शेवटच्या शर्यतीत ठरलं: मॅक्लारेनचा नॉरिस 423, व्हेरस्टॅपन 421. नियम स्थिर राहिले की सुधारणेला जागा उरत नाही आणि सगळे आपोआप जवळ येतात, हेही इथे घडलं. त्यातलं वाऱ्याचं श्रेय किती, हे वेगळं काढता येणार नाही.

2026 च्या नव्या इंजिनांसाठी मात्र टोकनांची चूक टाळली आहे. पेट्रोल-इंजिनाच्या ताकदीत सर्वोत्तम इंजिनाच्या 2 टक्क्यांहून जास्त मागे असलेल्या कंपनीला जादा सुधारणेची एक संधी, 4 टक्क्यांहून जास्त मागे असेल तर दोन. 2014 ला मागे पडलेल्यांना असं काहीच मिळालं नव्हतं.