पाऊस पडतोय, पण मला तसं वाटत नाही

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर छत्री उघडता उघडता कुणी म्हणालं, ‘पाऊस पडतोय, पण पाऊस पडतोय असं मला वाटत नाही’, तर ऐकणारा चमकेल. ‘स्वतःचंच बोलणं खोडतोय’ असं म्हणून बहुतेक जण विषय सोडून देतात. पण या वाक्यात परस्परविरोध नाहीच. पाऊस बाहेर पडतो, वाटणं डोक्यात होतं. दारं-खिडक्या लावून कामात गढलेल्या माणसाबाबत दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. मग जे खरं असू शकतं ते त्याला स्वतःला बोलता का येत नाही?

केंब्रिजचे तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांनी 1940च्या दशकात हे कोडं मांडलं आणि तत्त्वज्ञ लुडविग विटगेन्स्टाइनने ते उचलून धरलं. वाक्य जरा हलवून पाहा. ‘पाऊस पडतोय, पण तिला तसं वाटत नाही’ यात काही अडत नाही. ‘काल पाऊस पडत होता, पण मला तसं वाटलं नव्हतं’ हेही चालतं. ‘समजा, पाऊस पडतोय आणि मला तसं वाटत नाहीये’ हेसुद्धा. ‘मी’ आणि ‘आत्ता’ एकत्र आले आणि वाक्य ठामपणे मांडलं, की गाडी अडते.

ठाम बोलणारा माणूस ‘हे मला खरं वाटतं’ असंही सुचवत असतो आणि उरलेलं अर्धं वाक्य तेच मागे घेतं, हे झालं नेहमीचं उत्तर. ते चूक नाही, पण अपुरं आहे. तोंड न उघडता, मनातल्या मनात हे वाक्य मानायला गेलं तरी जमत नाही. फिनलंडचे तर्कशास्त्रज्ञ याक्को हिंटिका यांनी 1962 साली हा प्रश्न मानण्याच्या तर्कशास्त्रात बसवला. त्यातला सर्वांत सुंदर भाग दोन पायऱ्यांत सांगता येतो.

‘पाऊस पडतोय’ याला प म्हणू. वाक्य झालं: ‘प, आणि मी प मानत नाही.’ समजा, मी ते अख्खं मानलं. जोडवाक्य मानणारा त्याचा प्रत्येक भाग मानतो, म्हणजे मी प मानतो. पण मी प मानत असेन, तर ‘मी प मानत नाही’ हा दुसरा भाग खोटा, आणि त्यामुळे पूर्ण वाक्यही खोटं. मी मानत नव्हतो तोवर ते खरं असू शकत होतं. मानलं त्या क्षणी पडलं. पाऊस मात्र चालूच आहे.

इथे एक काळजी घ्यायची. बोलताना ‘पडतोय असं वाटत नाही’ याचा अर्थ आपण बहुधा ‘पडत नाहीये असं वाटतं’ असा घेतो. तो अर्थ घेतला तर सिद्धता बदलते. मानूनही वाक्य खरं राहू शकतं, फक्त त्यासाठी एकाच डोक्यात प आणि ‘प नाही’ दोन्ही नांदावे लागतात. ‘माझा पत्रिकेवर विश्वास नाही, पण मंगळ बाधतोच’ हे त्याच जातीचं वाक्य. अनुभवाचं शहाणपण म्हणून ते खपवलं जातं आणि चांगली स्थळं मोडतात. ती विसंगती आहे, तिला तसंच म्हटलं पाहिजे.

आता पहिल्या पायरीकडे परत. जोडाकडून भागाकडे जाणं सुरक्षित आहे, कारण एका भागाची संभाव्यता पूर्ण जोडापेक्षा कमी कधीच नसते. उलट प्रवास धोक्याचा. पुस्तकात 300 विधानं आहेत, लेखकाला प्रत्येकाची 99 टक्के खात्री आहे आणि विधानं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरा. सगळी बरोबर असण्याची संभाव्यता 0.99चा 300वा घात, म्हणजे जेमतेम 5 टक्के. म्हणून प्रत्येक विधान मानणारा लेखक प्रस्तावनेत ‘कुठेतरी चूक राहिली असेल’ असं प्रामाणिकपणे लिहू शकतो. डेव्हिड मेकिन्सन यांनी 1965 साली मांडलेला प्रस्तावनेचा विरोधाभास तो हाच.

मग ठाम बोलायला किती टक्के खात्री हवी? 10 लाख तिकिटांच्या सोडतीत एका तिकिटाला पहिलं बक्षीस न लागण्याची संभाव्यता 99.9999 टक्के असते. तरी सोडतीआधी ‘तुझं लागणारच नाही’ असं ठणकावणाऱ्याला ‘तुला काय माहीत?’ असं विचारता येतं. पेपरातला निकाल वाचून तेच सांगणाऱ्याला मात्र कुणी अडवत नाही, छपाईत चूक होण्याचा धोका ते तिकीट लागण्याच्या शक्यतेहून मोठा असला तरी. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ टिमथी विल्यमसन यांच्या मते जे ठाऊक आहे तेच ठामपणे बोलावं, असा ठाम विधानाचा नियमच आहे. आणि सोडत होण्याआधी निव्वळ टक्केवारीच्या जोरावर त्या तिकिटाचं काय होणार हे कुणालाच ठाऊक नसतं.