ताग (बोरू) : तंतुउपयोगाची प्रादेशिक वाटचाल

ताग हे शिंबावंत कुळातील वर्षायू झुडूप असून त्याचे शास्त्रीय नाव क्रोटॅलॅरिया जुन्सिया आहे. महाराष्ट्रात त्याला बोरू किंवा सण, हिंदी भागात सनई म्हणतात. संस्कृत शब्द शण. सरळ, सडपातळ, माणसाहून उंच वाढणारे खोड, पिवळीधमक फुले आणि वाळल्यावर आत बी खुळखुळणाऱ्या शेंगा ही त्याची ओळख. प्रजातीचे क्रोटॅलॅरिया हे नावही खुळखुळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आहे. पूर्व उत्तर प्रदेशात कळ्याफुलांची भाजी करतात, तेवढाच काय तो ताटातला वापर. बी जनावरांना विषारी आहे. या पिकाची खरी किंमत नेहमी सालीतल्या वाखाने, म्हणजे धाग्याने, ठरली, आणि अलीकडे ती जमिनीत गाडलेल्या हिरव्या पाल्याने ठरते.

मराठी वाचकाने येथे एका घोटाळ्यापासून सावध राहावे. आज आपण ज्याला 'तागाचे पोते' म्हणतो ते जवळजवळ नेहमी बंगालमधल्या ज्यूटचे असते. ज्यूट ही कॉर्कोरस प्रजातीतली, अगदी वेगळ्या कुळातली वनस्पती. कलकत्त्याजवळ रिश्रा येथे 1855 मध्ये पहिली ज्यूट गिरणी निघाली, पुढे गिरणीची पोती देशभर पसरली, आणि दख्खनच्या जुन्या पिकाचे नाव त्या परक्या धाग्याला चिकटले. जुन्या कागदपत्रांतला 'ताग' मात्र बहुतेक वेळा बोरूच असतो. इंग्रजी नोंदींत त्यालाच 'सन हेंप' म्हटले आहे, पण भांगेच्या झाडाशी त्याचा संबंध नाही.

वाखासाठी ताग दाट पेरतात, म्हणजे फांद्या न फुटता खोड सरळ वर जाते. पीक फुलोऱ्यात असताना किंवा शेंगा कोवळ्या असताना कापतात. पेंढ्या दोन-तीन दिवस शेतातच ठेवल्या की पाने गळून तिथल्याच मातीला मिळतात. मग पेंढ्या संथ पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. ज्यूट कुजायला पंधरा-वीस दिवस घेतो, ताग उबदार पाण्यात तीन ते सात दिवसांतच तयार होतो, आणि कस लागतो तो इथेच. एक दिवस कमी पडला तर साल काडीला धरून राहते, एक दिवस जास्त झाला तर वाखाचा जोर जातो. म्हणून जाणता माणूस रोज पाण्यात उतरून पेंढीतली एक काडी बुडख्याशी मोडून पाहतो. साल बुडख्यापासून शेंड्यापर्यंत अखंड सुटली की पेंढ्या बाहेर येतात. वाख सोलून, पाण्यावर आपटून, पिळून दोरीवर वाळवतात. ओला असताना हा धागा कोरड्याहून अधिक बळकट असतो आणि खाऱ्या पाण्यातही लवकर कुजत नाही. विहीर आणि समुद्र या दोन ठिकाणी तागाला मान मिळाला तो या गुणामुळे.

देशावर गावच्या दोरखंडांचे काम बलुतेदारीत प्रामुख्याने मातंग समाजातील कारागिरांकडे होते. ताग, अंबाडी आणि घायपात यांचा वाख त्यांच्या हाताखालून जाई. विहिरीतून बैलांनी पाणी ओढायच्या मोटेचा जाड नाडा आणि तिच्या सोंडेला बांधायचा सोंदूर, बैलांचे कासरे, दावी, म्होरक्या, शिंकी, गोफणी हे सारे ते वळत आणि खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घेत. नाडा मध्येच तुटला तर भरलेली मोट विहिरीत जाई आणि ओढीला लागलेले बैल पुढे कोसळत. बागायतदाराची भिस्त या कारागिराच्या पिळावर होती. शेतीच्या इतिहासात विहिरीची आणि मोटेची वर्णने भरपूर सापडतात, नाडा वळणाऱ्याच्या कसबाला मात्र त्या मानाने फार थोडी जागा मिळाली आहे.

कोकणात ताग समुद्राकडे गेला. मच्छीमार घरी सूत कातून जाळी विणत आणि ती टिकावीत म्हणून ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत. फाटकी जाळी, जुने दोर आणि तरटेही वाया जात नसत. भारतातल्या हातकागदाच्या जुन्या धंद्यात हाच चिंधी-तागाचा माल कुटून लगदा होई.

परदेशी मागणीचा आलेख युद्धांबरोबर वरखाली होत राहिला. ब्रिटिश आरमाराचे दोर रशियन भांगेच्या धाग्यावर अवलंबून होते. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत तो पुरवठा धोक्यात येताच ईस्ट इंडिया कंपनीने भारतीय तागाकडे लक्ष वळवले आणि कलकत्त्यात वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी निरनिराळ्या धाग्यांचे दोर ताणून त्यांची ताकद मोजली. 1853 ते 1856 च्या क्रिमियन युद्धात रशियन माल पुन्हा अडला, तेव्हा हीच चर्चा नव्याने झाली. पुढे व्यापारात तागाच्या प्रती प्रदेशावरून ठरल्या. बनारस आणि बंगाल यांच्या जोडीला पश्चिम किनाऱ्यावरचा 'देवघुडी' ताग होता. हे देवगडचे इंग्रजी व्यापाऱ्यांच्या तोंडी झालेले रूप. आज हापूस आंब्यासाठी ओळखले जाणारे देवगड एके काळी परदेशी बाजारात तागाची प्रत म्हणून माहीत होते. ब्रिटन, बेल्जियम आणि अमेरिका हे मोठे ग्राहक होते. दोरखंडांखेरीज सिगारेटचा पातळ कागद बनवायलाही हा वाख लागे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सगळे आधार एकामागोमाग एक गेले. डिझेल आणि विजेच्या पंपांनी मोट थांबवली, तिच्याबरोबर नाडा आणि सोंदूरही गेले. नायलॉनच्या जाळ्याला ना काढा लागतो ना रोज वाळवणे, त्यामुळे कोळीवाड्यांनी ते आनंदाने स्वीकारले, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. ट्रॅक्टर आला तसे बैल कमी झाले. बेंदराला आणि पोळ्याला नवे कासरे अजूनही घेतले जातात, पण बाजारात टांगलेले रंगीबेरंगी गोंडे आणि दोर बहुतेक प्लॅस्टिकचे असतात. ज्यूटवरही हीच आपत्ती आली होती. त्याला 1987 च्या कायद्याने आधार दिला: अन्नधान्य आणि साखर यांच्या पॅकिंगमध्ये ज्यूटच्या पोत्यांचा ठरावीक वाटा सक्तीचा झाला, शिवाय ज्यूटला हमीभाव मिळतो. तागाला यातले काहीच मिळाले नाही. ज्यूटमागे गिरण्या होत्या, तागामागे विखुरलेले दोर वळणारे आणि कोळी होते. हा फरक पिकाच्या गुणांपेक्षा निर्णायक ठरला, असे म्हणावे लागते. वाखासाठी लागवड आता मुख्यतः उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि ओडिशाच्या काही भागांत उरली आहे. उत्तर प्रदेशातील प्रतापगड येथे तागाचे संशोधन केंद्र आहे, आणि कानपूरची के-12 ही जात अनेक वर्षे प्रचलित राहिली.

महाराष्ट्रात मात्र ताग पेरणे थांबले नाही. त्याचा हेतू बदलला. बोरूच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरतात, म्हणून तो हिरवळीचे खत म्हणून घेतला जातो. ऊसपट्ट्यात पूर्वहंगामी लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात करायची असेल, तर शेतकरी जूनमध्ये हेक्टरी 50 ते 60 किलो बी फोकतो आणि 45 ते 50 दिवसांनी, फुले दिसू लागताच, रोटाव्हेटरने पीक गाडतो. पिवळी मंजिरी मातीत जाताना पाहून नवख्याला हळहळ वाटते. पण हीच वेळ नेमकी असते. खोड अजून रसरशीत असते, ते लवकर कुजते. पंधरा-वीस दिवस उशीर झाला तर साल चिवट होते आणि रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळली जाते. ज्या चिवटपणासाठी आजोबा ताग पेरत, तो येण्याआधीच नातवाला पीक मोडावे लागते. 'बोरूचा बेवड चांगला', म्हणजे बोरूनंतरची जमीन पुढच्या पिकाला चांगली, हे दोघांनाही ठाऊक असते.

हा बदल भारतापुरता नाही. हवाईत 1980 च्या दशकात 'ट्रॉपिक सन' ही जात आच्छादन पीक म्हणून पुढे आली, आणि ब्राझीलमध्ये उसाच्या फेरपालटात व मुळांवरील सूत्रकृमी रोखण्यासाठी ताग घेतात. त्यामुळे आता या पिकात पैसा बियाण्याला आहे. बियाण्यासाठी शेंगा पूर्ण वाळेपर्यंत उभ्या ठेवलेल्या तागातूनही वाख निघतो, पण तो भरड असतो, आणि तो सोलायला बसणारे हात गावात फार थोडे उरले आहेत.