‘एक येशू सोडला तर’: जोसेफ स्मिथच्या थोरवीवरचा वाद कुठून आला

अमेरिकेत जोसेफ स्मिथने स्थापलेल्या पंथाचे मॉर्मन लोक बायबलच्या जोडीला जे धर्मग्रंथ मानतात, त्यांत ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’ हा एक. त्याच्या १३५व्या प्रकरणात एक वाक्य आहे. त्याचा आशय असा: संदेष्टा आणि द्रष्टा जोसेफ स्मिथ याने माणसांच्या तारणासाठी जेवढं केलं तेवढं, एक येशू सोडला तर, जगात होऊन गेलेल्या दुसऱ्या कुणीही केलेलं नाही. मॉर्मन वाचक ‘एक येशू सोडला तर’ या शब्दांवर बोट ठेवतो आणि म्हणतो, बघा, आम्ही मर्यादा पाळली आहे. बाकीचे ख्रिस्ती उरलेलं वाक्य वाचतात. मोशे, यशया, पेत्र, पौल हे बायबलमधले सगळे थोर एका झटक्यात मागे पडले आणि पुढे आला तो न्यूयॉर्क राज्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा.

गुरूला देवाच्या बरोबरीने नमस्कार करण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकाला यात एवढं भांडण्यासारखं काय, असा प्रश्न पडू शकतो. पण प्रोटेस्टंट ख्रिस्ती मनाची जडणघडणच ‘देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच’ या तीमथ्याच्या पत्रातल्या वचनावर झाली आहे. संतांना मध्ये घालण्यावरून ज्यांनी रोमशी भांडण मांडलं, त्यांच्याच वंशजांसमोर अमेरिकेत हा नवा संदेष्टा उभा राहिला.

जोसेफ स्मिथचा जन्म २३ डिसेंबर १८०५ रोजी व्हरमाँटमधल्या शॅरन इथे झाला. पुढे कुटुंब न्यूयॉर्क राज्यातल्या पामायराजवळ राहायला आलं. त्या भागात तेव्हा धर्मजागृतीच्या सभांचा धडाका चालू होता आणि मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन एकमेकांची माणसं ओढत होते. १८२० च्या सुमारास रानात प्रार्थना करताना आपल्याला दर्शन झालं आणि कुठल्याही पंथात जाऊ नकोस, सगळे चुकले आहेत, असं सांगण्यात आलं, अशी हकीकत स्मिथने १८३८ मध्ये लिहवून घेतली. म्हणजे पहिला दगड कुणी मारला हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. ज्या चर्चांनी पुढे त्याच्यावर टीका केली, त्यांना तो आधीच खोटं ठरवून बसला होता.

मार्च १८३० मध्ये पामायरातल्या छापखान्यातून ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या पाच हजार प्रती बाहेर पडल्या. ६ एप्रिलला चर्चची स्थापना झाली, आणि त्याच दिवशीच्या प्रकटीकरणात अनुयायांना आज्ञा झाली की जोसेफचा शब्द माझ्याच तोंडून आल्यासारखा स्वीकारा. माझ्या मते या वादाचं बी, ज्यांवरून हे पुस्तक उतरवलं असं स्मिथ सांगे, त्या सोन्याच्या पाट्यांत नाही, या आज्ञेत आहे. पाट्या खऱ्या की खोट्या यावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. पण ग्रंथ आला तसा त्याच्या जोडीला ग्रंथ आणणारा माणूसही श्रद्धेचा विषय झाला, तो इथे.

सुरुवातीच्या टीकाकारांचा रोख मात्र या मुद्द्यावर नव्हता. अलेक्झांडर कॅम्पबेल या धर्मोपदेशकाने १८३१ मध्येच ‘बुक ऑफ मॉर्मन’ची चिरफाड केली. न्यूयॉर्कमध्ये गेल्या दहा वर्षांत जेवढे धार्मिक वाद झाले, त्या सगळ्यांचा निकाल हे प्राचीन म्हणवणारं पुस्तक कसं देतं, असा त्याचा खोचक सवाल होता. (त्याचा जुना सहकारी सिडनी रिग्डन नुकताच मॉर्मनांना जाऊन मिळाला होता, म्हणजे जखम ताजी होती.) १८३४ मध्ये ओहायोतल्या ई. डी. हाउ याने स्मिथच्या जुन्या शेजाऱ्यांच्या जबान्या छापल्या. गुप्तधन शोधणं, दगडात बघून सांगणं असले किस्से त्यांत होते. हा माणूस भोंदू आहे, हा या टीकेचा सूर होता. लोक त्याला नको एवढा मान देतात, ही तक्रार नंतरची, आणि ती आधी घरातून आली.

इलिनॉयमधल्या नॉवू गावी १८४४ साली स्मिथ महापौर होता, नॉवूच्या सैन्यदलाचा लेफ्टनंट जनरल होता आणि अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवारही होता. बहुपत्नीत्वाची शिकवण आणि एका हातात एकवटलेली ही सत्ता यांना कंटाळून विल्यम लॉ आणि त्याच्या साथीदारांनी ७ जूनला ‘नॉवू एक्स्पोझिटर’ या वर्तमानपत्राचा अंक काढला. ही मंडळी मुळात मॉर्मनच होती. ‘बुक ऑफ मॉर्मन’वर त्यांचा विश्वास होता, पण संदेष्टा वाट चुकला असं त्यांचं म्हणणं होतं. तीन दिवसांनी नगर परिषदेच्या ठरावानुसार छापखाना मोडून टाकण्यात आला. त्या पत्राचा दुसरा अंक निघाला नाही.

छापखान्याच्या प्रकरणाने स्मिथ कार्थेजच्या तुरुंगात पोचला. २७ जूनची दुपार, वरच्या मजल्यावरची खोली, आत चौघे: जोसेफ, त्याचा भाऊ हायरम, जॉन टेलर आणि विलर्ड रिचर्ड्स. टेलरने एक भजन म्हटलं. पाचच्या सुमारास चेहऱ्यांना काळा रंग फासलेला जमाव जिना चढून आला. हायरम दारापाशीच गोळी लागून पडला. जोसेफजवळ चोरून आणलेलं पिस्तूल होतं. त्याने दाराच्या फटीतून ते झाडलं, मग खिडकीकडे धाव घेतली आणि गोळ्या लागून तो खाली कोसळला. वय ३८. खुनाच्या खटल्यातले पाचही आरोपी पुढच्या वर्षी निर्दोष सुटले. मृतदेहांची विटंबना होईल या भीतीने जाहीर दफनाच्या पेट्यांत वाळूची पोती भरली होती आणि खरे देह गुपचूप दुसरीकडे पुरले गेले.

या एका संध्याकाळीने टीकाकारांचं काम कायमचं अवघड करून ठेवलं. १३५वं प्रकरण त्याच वर्षी ग्रंथात छापलं गेलं. वधाला नेलेल्या कोकरासारखा मी जात आहे, हे स्मिथचे शब्द त्यात आहेत. ही उपमा यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातली, आणि ख्रिस्ती लोक ती फक्त येशूला लावतात. टीकाकार विचारतात, कोकराच्या हाती पिस्तूल कसं? प्रश्न चलाख आहे, पण मला तो थिटा वाटतो. तुरुंगात भावाचा खून होताना माणसाने हात बांधून बसावं, अशी अपेक्षा कोण करील? उपमा कुणाची कुणाला लावली, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे.

त्याच ऑगस्टमध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. फेल्प्स या अनुयायाने स्मिथच्या गौरवाचं गीत छापलं. यहोवाशी ज्याचं बोलणं झालं त्या माणसाची स्तुती असो, अशी त्याची सुरुवात. त्यातल्या एका ओळीत स्मिथचं रक्त इलिनॉयवर डाग होऊन राहील असं होतं. १९२७ मध्ये ती ओळ बदलली आणि ते रक्त स्वर्गाकडे दाद मागू लागलं. राज्याचा राग निवळला, स्तुती तशीच राहिली. उपासनेत माणसाची स्तुती गायची का, असा प्रश्न बाहेरचा ख्रिस्ती विचारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्यं’ या पुस्तकातला पेत्र असतो. कर्नेल्य पाया पडला तेव्हा पेत्राने त्याला उठवलं आणि म्हटलं, मीही माणूसच आहे.

टीकाकारांचं सर्वांत धारदार हत्यार मात्र स्मिथनंतरचा चर्चचा पुढारी ब्रिगम यंग याने स्वतः पुरवलं. ऑक्टोबर १८५९ मधल्या भाषणात तो म्हणाला की या युगातला कुणीही स्त्री वा पुरुष जोसेफ स्मिथच्या संमतीशिवाय देवाच्या सर्वोच्च राज्यात जाणार नाही. मॉर्मन उत्तर असं: पेत्राकडे स्वर्गराज्याच्या किल्ल्या दिल्या, बारा शिष्य इस्राएलाचा न्याय करतील असं खुद्द येशू म्हणाला, मग या युगाच्या किल्ल्या ज्याच्याकडे त्याची संमती लागली तर बिघडलं काय? उत्तर निरुत्तर करणारं नसलं तरी फालतू नाही. याउलट, येशूलाही जमलं नाही ते मी केलं, चर्च एकत्र राखलं, ही स्मिथची मे १८४४ मधली बढाई टीकाकार उठसूट उद्धृत करतात. ते भाषण त्याच्या मृत्यूनंतर टिपणांवरून जुळवलेलं आहे, आणि पौल जिथे मूर्खासारखी बढाई मारतो त्या करिंथकरांच्या पत्राला धरून केलेलं आहे. एवढं सांगितल्याशिवाय ते वापरणं सरळपणाचं नाही.

डेव्हिड व्हिटमर हे नाव या वादात क्वचित येतं, खरं तर ते आधी यायला हवं. सोन्याच्या पाट्यांच्या तीन साक्षीदारांपैकी हा एक. १८३८ मध्ये तो चर्चमधून बाहेर पडला, पण पाट्यांची साक्ष त्याने कधी मागे घेतली नाही. म्हातारपणी, १८८७ मध्ये, त्याने पत्रक काढलं: जोसेफला चर्चचा द्रष्टा नेमलं ही चूकच झाली, लोक देवाऐवजी माणसावर विसंबले. ही टीका ना नास्तिकाची ना प्रतिस्पर्धी पाद्र्याची.

आपल्याकडे हा वाद लवकर पोचला. मॉर्मन धर्मप्रचारक ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही गेला. फार कुणी हाती लागलं नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॉर्मनांचं मुख्य ठाणं असलेल्या सॉल्ट लेक सिटीत बहुपत्नीत्व जाहीरपणे मान्य झालं होतं. अशा वेळी संस्थापकाची थोरवी सांगणं सोपं गेलं नसणार.

विसाव्या शतकात सॉल्ट लेकमध्येच जेरल्ड आणि सँड्रा टॅनर या दांपत्याने चर्चचीच जुनी कागदपत्रं छापून टीकेला नवं वळण दिलं. सँड्रा ही ब्रिगम यंगची वंशज. २००१ मध्ये व्हॅटिकनने मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला. २००४ मध्ये मात्र फुलर सेमिनरी या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट धर्मविद्यालयाचे अध्यक्ष रिचर्ड माउ यांनी सॉल्ट लेक टॅबरनॅकल या मॉर्मन सभागृहात उभं राहून मॉर्मनांपुढे कबुली दिली की तुम्ही काय मानता याबद्दल आम्ही खोटी साक्ष दिली. त्यावर कित्येक इव्हँजेलिकल त्यांच्यावरच तुटून पडले.

चर्चनेही आपली मांडणी बदलत आणली आहे. २०१८ मध्ये अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे नाव सोडून येशू ख्रिस्ताचं नाव असलेलं पूर्ण नाव वापरायला सांगितलं. २०२० मध्ये आलेल्या नव्या बोधचिन्हात मध्यभागी हात पसरलेला ख्रिस्त आहे. जोसेफ त्यात कुठेही नाही. १३५व्या प्रकरणातलं ते वाक्य ग्रंथात होतं तसंच आहे.