पेल्यागणिक वाइन व इटालियन जेवण

पेल्यागणिक वाइन व इटालियन जेवण : इटालियन रेस्टॉरंटमध्ये रात्रीच्या जेवणाला अख्खी बाटली न मागवता प्रत्येक पदार्थाबरोबर त्याला साजेशी वाइन पेल्याने घेण्याची रीत. इटलीत अशा वाइनला ‘अल कालिचे’ म्हणतात; ‘कालिचे’ म्हणजे दांडीचा पेला. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १२५ मिलिलिटरचे सहा किंवा १५० मिलिलिटरचे पाच पेले निघतात. व्हेनिसच्या ‘बाकारो’ नावाच्या छोट्या गुत्त्यांत उभ्याउभ्या घ्यायच्या लहान पेल्याला ‘ओंब्रा’, म्हणजे सावली, असे गोड नाव आहे. साध्या खानावळीत मात्र अजूनही सुरई चालते : पाव लिटर, अर्धा लिटर, आणि आत असते ती घरची वाइन.

इटालियन जेवण आपल्या ताटासारखे एकदम वाढले जात नाही. आधी आन्तिपास्तो म्हणजे सुरुवातीचे चटकमटक, मग पास्ता, रिझोत्तो (मऊसर शिजवलेला भात) किंवा सूप यांचा ‘प्रिमो’, मग मांस-माशांचा ‘सेकोंदो’, शेवटी गोड. चौघे जेवायला बसले, एकाने मासा मागवला, दुसऱ्याने वांग्याची पार्मिजाना (टोमॅटो व चीज घालून भाजलेले वांग्याचे थर), तर एक बाटली सगळ्यांना धार्जिणी कशी ठरणार? पेल्याची सोय इथे कामी येते. फक्त हिशेब ध्यानात असावा : चार टप्प्यांना १२५ मिलिलिटरचे चार पेले म्हणजे अर्धा लिटर, बाटलीचा दोन-तृतीयांश. म्हणून अर्धा पेला मिळतो का ते आधी विचारावे, किंवा दोघांत एक घ्यावा.

वाइन ठरते ती सॉसवरून. पास्ता लांब आहे की नळीसारखा, याला फारसे महत्त्व नाही. टोमॅटो आंबट; त्याच्यासमोर कमी आंबट वाइन पाणचट लागते. म्हणून टोमॅटोच्या सॉसला सांजोवेझे द्राक्षाची कियांती (‘चियांती’ नव्हे) किंवा पिएमोन्ते प्रांतातील बार्बेरा, या लाल वाइन बऱ्या. कियांतीच्या प्रदेशाच्या सीमा मध्य इटलीतील तोस्काना प्रांताचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने १७१६ मध्ये फर्मान काढून आखल्या. आजच्या कियांती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेझे लागते. हेच द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरातही लावले गेले. तेथील फ्रॅटेली वाइन्स या कंपनीत इटालियन भागीदारांबरोबर अकलूजचे मोहिते-पाटील आहेत, आणि ‘फ्रातेल्ली’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘भाऊ’ असा आहे.

लाल वाइनमधले टॅनिन म्हणजे जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते तो तुरटपणा. लाळेतल्या प्रथिनांशी टॅनिनचा संयोग होतो म्हणून तोंड कोरडे पडते. समोर चरबी आणि प्रथिने असली की तीच वाइन मवाळ होते. नेब्बिओलो द्राक्षाची बारोलो किमान ३८ महिने मुरते, त्यांतले १८ लाकडी पिंपात. मंद आचेवर शिजलेल्या गोमांसाबरोबर ती शोभते. शाकाहाऱ्याने पोर्चिनी अळंबीच्या रिझोत्तोबरोबर घ्यावी, काही बिघडत नाही. माशाबरोबर मात्र तोंडात लोखंडाची चव येण्याची भीती. आणि ‘आर्राबियाता’ म्हणजे ‘चिडलेला’, मिरचीचा सॉस : त्याच्यावर बारोलोचा घोट घेतला की जाळ आणखी भडकतो. टॅनिन आणि मद्यार्क दोन्ही तिखटाला चेतवतात. तिथे थंडगार, कमी मद्यार्काची, जराशी गोडसर वाइन हवी. मराठी जेवणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण आपल्याकडे आर्राबियाता मागवून वर चिली फ्लेक्सही शिंपडले जातात.

नेमके काही सुचत नसेल तर पदार्थाचे गाव पाहावे. लिगुरियाच्या पेस्तोला (तुळशीसारख्या बेझिलच्या पानांची चटणी) पांढरी वेरमेंतिनो, रोमच्या कार्बोनाराला (अंडे-चीजचा पास्ता) पांढरी फ्रास्काती, दक्षिणेतल्या वांग्याच्या पार्मिजानाला काम्पानियाची लाल आल्यानिको. एमिलियात मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचे जाड सॉसेज) आणि पार्मेजानो चीजबरोबर लांब्रुस्को देतात. थंड, फेसाळ, तीही लाल! परदेशी गेलेल्या गोडमिट्ट बाटल्यांमुळे तिचे नाव खराब झाले, पण कोरडी, म्हणजे गोड नसलेली, लांब्रुस्को तुपकट पदार्थानंतर तोंड जसे साफ करते तसे फार थोड्या वाइन करतात. गावाचा हा नियम प्रत्येक वेळी जुळतोच असे नाही. आर्टिचोक ही कळीसारखी भाजी; तो कुठल्याही गावचा असो, तो खाल्ल्यावर वाइन विचित्र गोड लागते.

या रीतीतली खरी मेख बाटलीच्या शिळेपणात आहे. उघडल्यावर हवा लागते; पांढरी वाइन दोन-तीन दिवसांत मलूल होते, फेसाळ त्याहून लवकर. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला तर समजावे. ‘बाटली कधी उघडली?’ हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. २०१३ मध्ये बाजारात आलेल्या कोराव्हिन या उपकरणात बुचातून सुई घालून वाइन काढतात आणि तिच्या जागी आर्गॉन वायू सोडतात, त्यामुळे महागड्या वाइनही पेल्याने विकणे परवडू लागले. दुसरी मेख तापमानाची. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा सल्ला युरोपातल्या गारठलेल्या घरांचा आहे, पुण्यातल्या मे महिन्याचा नव्हे. बहुतेक लाल वाइनना १४ ते १८ अंश सेल्सिअस मानवते. कोमट आली तर दहा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवायला सांगावे.

गोडाशी वाइन त्या पदार्थापेक्षा गोड असावी लागते. कोरडी प्रोसेक्को, ही फेसाळ पांढरी वाइन, तिरामिसू या कॉफीच्या गोड पदार्थाबरोबर आंबटढाण लागते. ती सुरुवातीलाच संपवावी. फळांच्या केकला मोस्कातो दास्ती ही गोड वाइन, जिच्यात मद्यार्क जेमतेम ५ टक्के. तोस्कानात बदामाची कडक कांतुच्ची बिस्किटे विन सांतो या गोड वाइनच्या छोट्या पेल्यात, चहात खारी बुडवावी तशी, बुडवून खातात.